गाणी वाटायची असतील, तर त्या कागदावर सही नको

वाचकाचं पत्र

ताई, सलाम.

मी कोल्हापूरचाच. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत हिशेब बघतो आणि रविवारी चर्चच्या मंडळीत पेटी वाजवतो. गेल्या काही वर्षांत वीसेक उपासना-गीतं लिहिली. बऱ्याचशा चाली माझ्याच, काही मावसभावानं बांधल्यात आणि खरं सांगायचं तर चार गाणी हिंदी सिनेमाच्या चालीवर बसवलीत. आमच्या मंडळीत ती गातात. आता मिरज, गडहिंग्लजकडूनही लोक व्हॉट्सॲपवर मागायला लागलेत. मला ती फुकट द्यायचीत. देवानं सुचवलेलं विकावंसं वाटत नाही.

पण बाहेरगावच्या एका ऑडिओ कंपनीनं वीस गाण्यांचे मिळून २१,००० रुपये देऊ म्हणून कागद पाठवलाय. 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे' असं त्यात आहे. वडील म्हणतात, "फुकटच्या गाण्याला कोण विचारतंय? पैसे घे आणि गप बस." मित्र म्हणतो, यूट्यूबवर टाक आणि मोकळा हो. मला मात्र धास्ती वाटते. उद्या कुणी आपल्याच नावानं ती खपवली तर? शब्द बदलले तर? काय करू?

– एक पेटीवाला, कोल्हापूर

उत्तर

सलाम.

सही करू नका. बाकी सगळं सावकाश बोलू, पण आठवड्याभरात त्यांचा फोन येईल म्हणून हे आधी सांगून टाकते.

कंपनी लबाड आहे असं माझं म्हणणं नाही. तिचा तो धंदा आहे आणि तिनं तो धंद्यासारखाच मांडलाय. पण त्या कागदावर सही झाली की दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजच्या मंडळीला गाण्याचा कागद पाठवायचा तुमचा हक्क राहत नाही. तुमच्याच मंडळीला नाताळाला गीतांची पुस्तिका छापायची झाली, तरी विचारावं लागेल ते कंपनीला, तुम्हाला नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लिहिणाऱ्याच्या बाजूनं थोडी सोय आहे. हक्क दिल्याचा कागद लेखी हवा, त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कागद करणारा 'जगभर' आणि 'कायमचे' हे दोन शब्द विसरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला तुमचा समान वाटा असा कागदावर लिहून काढून घेता येत नाही, हे खरं. पण तुम्हाला रॉयल्टी नकोच आहे. तुम्हाला हवी आहे वाटायची मोकळीक, आणि नेमकी तीच ते विकत घेतायत.

अमेरिकेत कीथ ग्रीन नावाचा ख्रिस्ती गायक होता. चांगली खपणारी गाणी होती त्याची आणि मोठ्या कंपनीशी करारही होता. गाण्यांना किंमत लावायची नाही असं मनात आल्यावर तो आधी कंपनीकडे गेला आणि करारातून सोडा म्हणाला. त्यांनी सोडलं. मग त्यानं आणि त्याच्या बायकोनं राहतं घर गहाण टाकून पुढची तबकडी काढली आणि १९८० मध्ये 'जमेल तेवढे द्या, नसतील तर तसंच न्या' या बोलीवर वाटली. १९८२ मध्ये विमान अपघातात तो गेला. ही गोष्ट मंडळ्यांमध्ये त्यागाची म्हणून सांगतात. मला मात्र त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी सुटका, मग वाटप. तुम्ही अजून अडकलेलाच नाही आहात, तेव्हा तुमचं काम त्याच्यापेक्षा सोपं आहे. आणि घर गहाण टाकायचीही गरज नाही, त्याबद्दल पुढं लिहिते.

आता तुमच्या धास्तीकडे येते. गाणं कागदावर उतरलं की कॉपीराइट आपोआप तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. तुमच्या हयातीत आणि तुमच्यानंतर साठ वर्षं तो राहतो. मात्र 'गाणं' म्हणून आपण ज्याला एक समजतो, त्याचे कायद्यात तीन तुकडे आहेत. शब्द वेगळे, चाल वेगळी, ध्वनिमुद्रण वेगळं. तिघांचे मालक तीन असू शकतात. म्हणून आज रात्री वही काढा आणि वीस गाण्यांचे तीन ढीग करा.

पहिल्या ढिगात शब्दही तुमचे आणि चालही तुमची. ही आजच देता येतील.

दुसरा ढीग मावसभावाच्या चालींचा. त्या चाली त्याच्या आहेत. तुम्ही कितीही जवळचे असलात तरी त्या वाटायचा अधिकार तुमचा नाही. त्याला विचारा, आणि होकार लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर 'या सहा चाली या अटींवर खुल्या करायला माझी हरकत नाही' एवढं त्यानं लिहून पाठवलं तरी उद्याचा घोळ टळतो. भावाभावांत कागद कशाला, असं घरात कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. प्रत्येक गाण्याखाली त्याचं नाव 'चाल' म्हणून ठळक छापा, म्हणजे तोही खूश.

तिसरा ढीग अडचणीचा. सिनेमाच्या चालीवरची ती चार गाणी मंडळीत गायला काही हरकत नाही. कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत संगीत सादर करायला सूट आहे. लग्नाची वरातसुद्धा त्यात धरली आहे, हे बँडवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. पण ती सूट विधीपुरती. तेच गाणं मुद्रित करून यूट्यूबवर टाकलं, पुस्तिकेत नोटेशनसह छापलं, की ती सूट हाताशी राहत नाही. आणि दुसऱ्याची चाल 'घ्या, फुकट' म्हणून तुम्ही देऊच शकत नाही. जे आपलं नाही ते कसलं देणार?

मग ती चार गाणी फेकून द्यायची का? नाही. चाल सोडा आणि शब्द द्या. पण सिनेमाच्या चालीत कोंबलेले शब्द त्या चालीबाहेर लंगडतात, हे पेटीवाल्याला मी वेगळं सांगायला नको. म्हणून मी तुमच्या जागी असते तर ती चारही गाणी अभंगात नाहीतर ओवीत पुन्हा लिहिली असती. मोठ्या अभंगाचं माप सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं. त्या मापात शब्द बसले की महाराष्ट्रात त्यांना चालींची वाण नाही. कागलच्या भजनी मंडळाची चाल लावा, पंढरीच्या वाटेवरची लावा, सगळ्या परंपरेनं आलेल्या, कुणाला विचारायला नको. ज्या गावात तबला नाही तिथं टाळांवर म्हणतील. पाश्चात्त्य गीतपुस्तकांतही हेच चालत आलंय. 'अमेझिंग ग्रेस' या इंग्रजी भक्तिगीताचे शब्द जॉन न्यूटननं छापले १७७९ मध्ये, आणि आज आपण ज्या चालीत ते म्हणतो तिच्याशी त्यांची गाठ पडली १८३५ मध्ये, अमेरिकेत. तोवर न्यूटन जाऊन बरीच वर्षं झाली होती. मोजून लिहिलेले शब्द असे वाट बघू शकतात.

आपल्याकडे हे कवी ना. वा. टिळकांना नीट कळलं होतं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि भजनांत ओतली. परदेशी चालींवर ओढूनताणून बसवलेली भाषांतरं तेव्हा मंडळ्यांत भरपूर होती. (आपल्या कोल्हापुरातही १८५२ मध्ये मिशनरी वायल्डर साहेब आले ते काही टाळ-मृदंग घेऊन आले नव्हते.) त्याही आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं तेही ओवीतच. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरचा कॉपीराइट कधीच संपला, आणि आज मिरजेपासून नगरपर्यंत ते कुणालाही न विचारता म्हटले जातात. एक ध्यानात ठेवा. टिळकांचे शब्द मोकळे असले तरी त्यावर अलीकडे कुणी बांधलेली चाल किंवा केलेलं मुद्रण मोकळं असेलच असं नाही. हीच गोष्ट बायबलची. मराठी बायबलचे उतारे शब्दशः घेऊन गाणं केलं असेल, तर आज वापरातल्या भाषांतराचे हक्क बायबल सोसायटीकडे आहेत. स्तोत्राचा भाव घ्या आणि शब्द आपले लिहा. गाणंही त्यानं बरं होतं.

आता वाटायचं कसं ते सांगते. तुमचा मित्र म्हणतो 'टाक आणि मोकळा हो', आणि तिथंच माझं त्याच्याशी पटत नाही. पाणपोई घालणारा माणूससुद्धा रांजण धुतो, वर झाकण ठेवतो आणि कुणाच्या स्मरणार्थ घातली त्याची पाटी लावतो. नावगाव नसलेलं गाणं व्हॉट्सॲपवर सोडलं की तिसऱ्या फॉरवर्डला ते 'पारंपरिक' होतं आणि पाचव्याला दुसऱ्याचं. शिवाय एखाद्या प्रामाणिक पाळक साहेबांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) ते पुस्तिकेत छापायचं असेल, तर विचारायचं कुणाला हे त्यांना कळत नाही. मग ते छापतच नाहीत. परवानगी लिहिलेली नसली की अडतो तो सज्जन माणूस. लबाडाचं काही अडत नाही.

कॉपीराइट सोडूनच देतो म्हणाल, तर कलम २१ मध्ये तशी सोय आहे. कॉपीराइट निबंधकांना कळवून किंवा जाहीर नोटीस देऊन हक्क सोडता येतो. पण तसं करू नका. हक्क आपल्याकडे ठेवा आणि वापराची मुभा सगळ्यांना द्या. यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे तयार परवाने २००२ पासून आहेत. वकील नको, फी नको. फक्त गाण्याखाली लिहायचं.

यातला कुठला घ्यायचा यावर मात्र थोडं डोकं चालवा. बहुतेक भक्तिगीतवाले पहिल्याच दमात 'व्यावसायिक वापर नको' हे कलम लावतात. ऐकायला सात्त्विक वाटतं. पण चंदगडकडची एखादी लहान मंडळी छपाईचा खर्च निघावा म्हणून पुस्तिका वीस रुपयांना देणार. ते व्यावसायिक की नाही? एखाद्या पाळकांच्या यूट्यूब चॅनेलवर आपोआप जाहिरात लागते. ते? या शंकेनं घाबरतात ते आपलेच लोक. दुसरं कलम असतं 'बदल नको'. तुम्हाला शब्द बदलण्याची भीती आहे म्हणून ते मोहात पाडेल. पण मग भाषांतरही बंद झालं. निपाणी आपल्यापासून किती लांब? तिथल्या आणि बेळगावच्या मंडळ्यांत कन्नड बोलणारी माणसं आहेत. तुमचं गाणं कुणी कन्नडमध्ये नेत असेल, तर त्याला दारात अडवायचं?

माझ्या मते तुम्हाला योग्य तो 'ॲट्रिब्युशन–शेअरअलाइक ४.०'. नाव ठेवायचं, बदल केला तर तसं सांगायचं आणि बदललेलं गाणंही याच अटींवर पुढं द्यायचं. कुणी कंपनीनं ते गायलं तर गाऊ दे, पण तुमचे शब्द किंवा चाल कुलपात घालून 'हे फक्त आमचं' असं तिला म्हणता येणार नाही. गाण्याखाली एवढं छापा:

"शब्द: (नाव). चाल: (नाव). कोल्हापूर, (वर्ष). हे गीत क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन–शेअरअलाइक ४.० परवान्याखाली खुलं आहे. नावं कायम ठेवून कोणीही गावं, छापावं, ध्वनिमुद्रित करावं, भाषांतर करावं. बदल केल्यास तसं नमूद करावं आणि बदललेलं गीत याच अटींवर द्यावं."

एक कडू गोष्ट. हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. म्हणून वीसच्या वीस गाणी एका दमात खुली करू नका. पहिल्या ढिगातली दोन-तीन द्या आणि सहा महिने काय होतं ते बघा. आणि शब्द बदलायचे म्हणाल, तर ते बदलणारच. तिसऱ्या कडव्यातला तुमचा लाडका शब्द कुणीतरी गाळणार. एखाद्यानं अर्थाचा अनर्थच केला, तर त्या आवृत्तीवरून माझं नाव काढा असं सांगायची सोय या परवान्यात आहे. त्यापलीकडचा ताबा हवा असेल, तर तुम्हाला गाणी वाटायचीच नाहीत. तसं असेल तर तेही चालेल, पण आधी स्वतःशी ठरवा.

आता प्रत्यक्ष द्यायचं काय? इथं जवळजवळ सगळे चुकतात. पहिले स्टुडिओकडे धावतात, ड्रोन घेऊन रंकाळ्यावर व्हिडिओ काढतात, पन्नास हजार घालवतात आणि मंडळीत ते गाणं कुणालाच म्हणता येत नाही. कारण गायक तार सप्तकात हिंडत असतो आणि मधले संगीताचे तुकडे वाजवायला सहा माणसं लागतात. बघायला छान, म्हणायला अशक्य. तुमच्याकडे गडहिंग्लजवाल्यांनी मागितलं ते व्हिडिओ म्हणून मागितलं नाही. त्यांना रविवारी म्हणायचंय.

तेव्हा एका पानाचा पीडीएफ करा. शब्द युनिकोडमध्ये टाइप करा. डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. शब्दांखाली सरगम भातखंडे पद्धतीनं, कोमल-तीव्रच्या खुणांसह. ताल लिहा, भजनी ठेका की दादरा. स्वर लिहा, काळी चार की पांढरी एक. गिटारवाल्या पोरांसाठी वर कॉर्ड टाका. चाल एक सप्तक आणि वर फार तर दोन स्वर, एवढ्यात बसवा. म्हाताऱ्या माणसांचा आणि कॉयर (गायकवृंद) नसलेल्या गावाचा विचार करा. सोबत मोबाइलवरच केलेलं साधं मुद्रण, एक आवाज, पेटी आणि ठेका. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आवाज दाबला जात नाही. आणि हे सगळं एका कायमच्या जागी ठेवा. इंटरनेट अर्काइव्हवर फुकट ठेवता येतं आणि तिथं परवाना निवडायची सोयही आहे. पहिल्यांदा कधी प्रसिद्ध केलं याचा तो पुरावाही राहतो.

हा पुरावा लागू शकतो. यूट्यूबवर असं घडतं: तुमचं खुलं गाणं कुणीतरी गातं, वितरकामार्फत सगळीकडे चढवतं, त्याचं मुद्रण यूट्यूबच्या आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदलं जातं आणि मग तुमच्याच व्हिडिओवर दावा येतो. घाबरू नका. दाव्याला हरकत घ्या, जुन्या तारखेची लिंक द्या. तयार लूप किंवा विकतचा ट्रॅक वापरू नका, असले दावे जास्त करून त्यातूनच निघतात. यूट्यूबच्या परवान्याच्या यादीत शेअरअलाइक नाही, नुसतं ॲट्रिब्युशन आहे. म्हणून तिथं नेहमीचाच परवाना ठेवा आणि आपला मजकूर वर्णनात टाका.

पुढं कधी चांगलं मुद्रण करावंसं वाटलं तर जरूर करा, पण तबलजीला पैसे द्या. गाणं तुमचं, ते तुम्ही फुकट द्या. त्याची रात्र त्याची आहे. सेवा म्हणून वाजव असं हातावर पोट असलेल्या माणसाला सांगायची मंडळ्यांत वाईट सवय आहे. त्याच्याकडून आणि गायिकेकडून, मुद्रण खुलं करायला हरकत नाही असं लिहूनही घ्या, कारण सादर करणाऱ्याचेही हक्क असतात.

वडिलांचं म्हणणं उडवून लावू नका. 'तुम्हाला फुकट मिळाले, फुकट द्या' हे बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, तसं 'कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे' हे लूकमध्ये आहे. दोन्ही वाक्यं एकाच गुरूची. लग्नात पेटी वाजवायचं मानधन घ्या, कॉयर शिकवायला बोलावलं तर प्रवासखर्चासकट घ्या, मुद्रणासाठी कुणी अर्पण दिलं तर घ्या आणि हिशेब मंडळीसमोर ठेवा. हिशेबनीसच आहात. गाणी खुली ठेवून यातलं काहीही बुडत नाही. आणि २१,००० ला वीस म्हणजे गाण्यामागं १,०५० रुपये, तेही कायमचे. हा भागाकार त्यांच्यासमोर करून दाखवा, वडीलच तुमच्या बाजूनं होतील असा माझा अंदाज आहे.

कंपनीला उत्तर दोन ओळींचं पुरे: "सर्व हक्क देणं शक्य नाही. यातली जी गाणी मी खुली करेन, ती त्या परवान्याच्या अटींवर तुम्हीही गाऊ शकता, त्यासाठी पैसे नकोत." गोड भाषेत पाठवा. फोनवर बोलू नका, लिहूनच पाठवा.